लाउत्सेन ब्राउवर : 'अस्तित्वात आहे' असे म्हणण्याचा अधिकार

अनुबंध

विसाव्या शतकातल्या गणिताचा इतिहास वाचताना ब्राउवर हे नाव दोन निरनिराळ्या प्रकरणांत भेटते. टोपॉलॉजीच्या, म्हणजे आकार ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांच्या शास्त्राच्या, पुस्तकात ते स्थिरबिंदू प्रमेयाला जोडलेले असते आणि गणिताच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ते अंतःप्रज्ञावादाचे, म्हणजे गणित ही मनाची रचना आहे या विचाराचे, प्रवर्तक म्हणून येते. या दोन प्रकरणांचा सांधा जुळवताना बहुतेक लेखक असे लिहितात की तरुणपणी उत्तम गणित केलेला हा डच गणिती पुढे तत्त्वज्ञानाच्या मागे लागला आणि आपल्याच प्रमेयांवर उलटला. ही मांडणी कालक्रमाच्या कसोटीवरच टिकत नाही. ब्राउवर यांचे तत्त्वज्ञान आधीचे आहे, प्रमेये नंतरची आहेत, आणि गणितात एखादी गोष्ट 'आहे' असे केव्हा म्हणता येते, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात पहिल्यापासून होता. त्यांचे आयुष्य या प्रश्नाच्या अंगाने वाचावे, असे सुचवण्यासाठी हा धागा काढत आहे.

लाउत्सेन एखबेर्तस यान ब्राउवर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८८१ रोजी रॉटरडॅमजवळच्या ओव्हरस्खी या गावी झाला. वडील शिक्षक होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८९७ मध्ये, ते अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना डीडरिक कोर्टेवेख हे गुरू लाभले. उथळ पाण्यातल्या लाटांचे जे समीकरण आज कोर्टेवेख आणि डी व्रीस यांच्या नावाने ओळखले जाते, ते याच कोर्टेवेखांचे. गणिताच्या पायाविषयी विचार करण्याची गोडी मात्र त्यांना खेरिट मानौरी यांच्यामुळे लागली. १९०४ मध्ये ब्राउवर यांनी लिझे डी होल यांच्याशी विवाह केला. त्या त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या होत्या, त्यांना पहिल्या विवाहापासून एक मुलगी होती, आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅममधले औषधांचे दुकान त्याच सांभाळत असत. ब्राउवर स्वतः शहरापासून दूर, लारेन आणि ब्लारिकुमच्या परिसरात बांधलेल्या एका लहानशा कुटीत राहणे पसंत करत.

१९०५ मध्ये त्यांनी 'जीवन, कला आणि गूढवाद' ही छोटी पुस्तिका काढली आणि १९०७ मध्ये गणिताच्या पायाविषयीचा प्रबंध सादर केला. प्रबंधाच्या मसुद्यातला बराचसा तात्त्विक भाग कोर्टेवेखांनी गणिताबाहेरचा म्हणून काढायला लावला. तरी मुख्य विचार राहिलाच. तो असा : गणित ही मनाची रचना आहे. एक क्षण सरतो, दुसरा उगवतो, आणि सरलेला क्षण स्मरणात राहतो. या अनुभवातून 'एक' आणि 'दोन' जन्माला येतात आणि त्याच क्रियेची पुनरावृत्ती करून सगळ्या नैसर्गिक संख्या मिळतात. भाषा ही या रचनेची नोंद ठेवते आणि तर्कशास्त्र त्या नोंदींमध्ये आढळणारी नियमितता सांगते. त्यामुळे तर्काचे नियम गणिताच्या आधी येत नाहीत, ते गणितातून मागाहून निघतात, आणि जिथून ते निघाले त्या क्षेत्राबाहेर ते तसेच लागू पडतील याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी एका लेखात नेमक्या नियमावर बोट ठेवले. विधान एक तर खरे असते, नाही तर त्याचा नकार खरा असतो. तिसरा पर्याय नसतो. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेला हा नियम, ज्याला आपण इथे वर्जित मध्याचा नियम म्हणू, सान्त समूहांच्या बाबतीत निर्धोक आहे, कारण एकेक वस्तू तपासत शेवटापर्यंत जाता येते. अनंत समूहाला शेवट नाही. तिथे 'असा घटक आहे किंवा नाही' असे तपासण्याआधीच म्हणून टाकणे म्हणजे जे काम कोणीही पुरे करू शकत नाही ते झालेच आहे असे धरून चालणे होय. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो : हा नियम खोटा आहे असे ब्राउवर त्या लेखात म्हणत नाहीत. त्यापासून विसंगती निघत नाही हे त्यांना मान्य होते. विसंगती निघत नाही म्हणजे सत्य सिद्ध झाले, ही उडी त्यांना मान्य नव्हती.

टोपॉलॉजीतले काम यानंतरचे आहे. विद्यापीठात स्थान मिळवायचे असेल तर सर्वांना मान्य असलेल्या पद्धतीने गणित करून दाखवणे भाग होते, आणि साधारण १९०९ ते १९१३ या काळात त्यांनी जे करून दाखवले त्याने हा विषय नव्याने उभा राहिला. कँटर यांनी १८७७ मध्ये दाखवले होते की रेषेवरचे बिंदू आणि चौरसातले बिंदू यांच्यात एकास एक संगती लावता येते. १८९० मध्ये पेआनो यांनी संपूर्ण चौरस भरून टाकणारा संतत, म्हणजे कुठेही न तुटणारा, वक्र दिला. मग 'मिती' या कल्पनेला अर्थ तरी काय उरला, असा पेच होता. १९११ मध्ये ब्राउवर यांनी सिद्ध केले की दोन्ही दिशांनी संतत असलेली एकास एक संगती वेगळ्या मितींच्या अवकाशांमध्ये लागूच शकत नाही. त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात लबेग यांनीही या प्रमेयाची सिद्धता दिली होती, पण तिच्यात उणीव होती. स्थिरबिंदू प्रमेयही याच काळातले. अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशा अ‍ॅमस्टरडॅममध्येच जमिनीवर टाकला, हवा तसा चुरगाळला, फक्त फाडला नाही, तर त्यावरचा किमान एक बिंदू तो ज्या जागेचा आहे बरोबर त्याच जागेच्या वर येतो. प्रमेय याहून पुष्कळ व्यापक आहे, पण मर्म हेच : संतत फलनाने भरीव गोल स्वतःमध्येच नेला तर कोणता तरी एक बिंदू जागचा हलत नाही.

आता ही सिद्धता कशी चालते ते पाहावे. एकही बिंदू स्थिर नाही असे गृहीत धरायचे, त्यावरून अशक्य गोष्ट निष्पन्न करायची, आणि म्हणून स्थिरबिंदू आहे असे म्हणायचे. तो कुठे आहे, कसा शोधायचा, याविषयी सिद्धता एक अक्षरही बोलत नाही. १९०८ मध्ये ज्या पायरीवर त्यांनी आक्षेप घेतला होता तीच पायरी त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रमेयाच्या मध्यभागी आहे, आणि हे त्यांना लिहितानाच ठाऊक होते. या कामावर १९१२ मध्ये ते प्राध्यापक झाले. पूर्ण पदाचे आसन त्यांना मिळावे म्हणून पुढच्या वर्षी कोर्टेवेखांनी स्वतःचे आसन सोडले. १९१२ च्या उद्घाटनपर व्याख्यानाचा विषय त्यांनी निवडला तो अंतःप्रज्ञावाद आणि आकारवाद (गणित म्हणजे ठरलेल्या नियमांनी चिन्हे हाताळणे, हे मत). आसन मिळताच पहिल्याच दिवशी ते मूळ प्रश्नाकडे परतले होते.

१९१८ पासून त्यांनी वर्जित मध्याच्या नियमाचा आधार न घेता संचशास्त्र आणि विश्लेषण पुन्हा रचायला घेतले. हेर्मान वाइल यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा गणिती १९२१ मध्ये त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि ब्राउवर म्हणजेच क्रांती, असे त्यांनी लिहिले. वाइल हे गॉटिंगेन विद्यापीठातले नामवंत गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचे विद्यार्थी, त्यामुळे हा घाव गॉटिंगेनला फार लागला. हा नियम गणितज्ञाकडून काढून घेणे म्हणजे खगोलशास्त्रज्ञाकडून दुर्बीण आणि मुष्टियोद्ध्याकडून मुठी काढून घेणे होय, अशा आशयाचे हिल्बर्ट यांचे उत्तर सर्वांना माहीत आहे. पुढे काय झाले त्यावर चर्चेत बोलता येईल.

मृण्मयी

लेख आवडला. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, त्यामुळे एक शंका विचारते. एका मितीत स्थिरबिंदू प्रमेयाची सिद्धता अगदी सोपी आहे. शून्य ते एक या अंतरालातून त्याच अंतरालात जाणारे संतत फलन घेतले आणि फ(क्ष) वजा क्ष हा फरक पाहिला, तर तो डाव्या टोकाला ऋण नसतो आणि उजव्या टोकाला धन नसतो. म्हणजे मध्ये कुठे तरी तो शून्य होतोच. शिवाय अंतराल निम्मे करत गेले तर तो बिंदू हव्या तितक्या अचूकपणे सापडतो. विद्यार्थ्यांना मी हे गणकयंत्रावर करून दाखवते. मग इथे तरी 'दाखवून दिलेले नाही' हा आक्षेप कसा लागू होतो? किमान एका मितीत तरी ब्राउवर यांचे समाधान व्हायला हवे होते.

अनुबंध

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न मर्मावरचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

निम्मे करण्याच्या रीतीत प्रत्येक पायरीला एक निर्णय घ्यावा लागतो : मधल्या बिंदूवर फरक धन आहे, ऋण आहे की शून्य? गणकयंत्र हा निर्णय आठ-दहा दशांश स्थळांपर्यंत पाहून देते. पण वास्तव संख्या म्हणजे दशांश स्थळांची कधीही न संपणारी मालिका. पहिली दहा लाख स्थळे शून्यच दिसली, तर ती संख्या शून्य आहे की फार लहान धन आहे की फार लहान ऋण आहे, हे पुढे पाहत राहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पाहण्याला अंत नाही.

ब्राउवर यांनी १९२० च्या दशकात दिलेले उदाहरण घेऊ. पायच्या दशांश विस्तारात ०१२३४५६७८९ हे अंक याच क्रमाने सलग येतात का? ते पहिल्यांदा ज्या स्थानापासून येत असतील त्याला न म्हणू, आणि 'अ' ही संख्या अशी ठरवू : असे स्थान असेल तर वजा एक द्वितीयांशचा न वा घात, आणि असे स्थान नसेल तर शून्य. ही संख्या हव्या तितक्या दशांशांपर्यंत काढता येते, कारण त्यासाठी पायचे ठरावीक अंक तपासले की पुरते. तरीही ती धन, ऋण की शून्य, हे ब्राउवर यांच्या काळी कोणालाही सांगता येत नव्हते.

आता असे फलन घ्या की ज्याचा तुम्ही सांगितलेला फरक डाव्या टोकाला धन आहे, एक तृतीयांशपाशी तो 'अ' इतका होतो, तिथून दोन तृतीयांशपर्यंत सपाट राहतो, आणि मग उतरत उजव्या टोकाला ऋण होतो. 'अ' धन असेल तर स्थिरबिंदू दोन तृतीयांशच्या उजवीकडे आहे. 'अ' ऋण असेल तर तो एक तृतीयांशच्या डावीकडे आहे. म्हणजे बिंदूचे पहिले दशांश स्थळ लिहायलाही आधी पायच्या विस्ताराचे ते कोडे सुटायला हवे. फलन आपल्या हातात पूर्णपणे दिलेले आहे, तरी स्थिरबिंदू ढोबळमानानेही दाखवता येत नाही. तुमच्या वर्गातल्या उदाहरणांत हे घडत नाही, कारण तिथली फलने शून्याजवळ अशी सपाट नसतात.

या उदाहरणाचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. १९९७ मध्ये जपानच्या यासुमासा कानादा यांच्या संगणकीय आकडेमोडीत हे दहा अंक सापडले. दशांश चिन्हानंतर १७,३८७,५९४,८८० व्या स्थानापासून ते सुरू होतात. हा आकडा सम असल्यामुळे 'अ' धन आहे हे आता आपल्याला माहीत आहे. याने ब्राउवर यांचे म्हणणे खोडले गेले असे काही जण समजतात, पण तसे नाही. सलग शंभर वेळा ७ हा अंक कुठे येतो का, असे विचारले की आपण पुन्हा त्याच जागी उभे असतो.

प्रणाली_पुणे

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते, आणि सिद्धता तपासणाऱ्या प्रणालींशी माझा रोजचा संबंध येतो. तिथे ब्राउवर यांचा विचार प्रत्यक्ष वापरात आहे, म्हणून थोडे लिहिते.

त्यांचे विद्यार्थी आरेंड हाइटिंग यांनी १९३० मध्ये अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्राचे नियम चिन्हांत मांडले. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३२ मध्ये त्याच नियमांचा अर्थ असा लावला की प्रत्येक विधान म्हणजे एक काम आणि सिद्धता म्हणजे ते काम पूर्ण करण्याची रीत. 'क किंवा ख' सिद्ध करायचे तर दोहोंपैकी कोणते ते सांगून त्याची सिद्धता द्यायची. 'असा क्ष आहे' हे सिद्ध करायचे तर तो क्ष हातात ठेवायचा. हे वाचताना प्रोग्रॅमरला आपलीच भाषा ऐकल्यासारखे वाटते, आणि ते उगाच नाही : पुढे करी आणि हॉवर्ड यांच्या कामातून सिद्धता आणि प्रोग्रॅम यांचे हे साम्य नेमकेपणाने मांडले गेले, आणि स्वीडनचे पेर मार्टिन-लोफ यांनी १९७० च्या दशकात त्यावर अख्खी प्रकार-प्रणाली उभारली. फ्रान्समध्ये तयार झालेली सिद्धता तपासणारी प्रणाली कॉक, जिला आता रॉक म्हणतात, ती याच घराण्यातली आहे.

हॉलंडपुरते बोलायचे तर एन्डहोवनच्या निकोलास डी ब्राउन यांनी १९६७ मध्ये सुरू केलेला ऑटोमॅथ प्रकल्प या साऱ्या प्रणालींचा पूर्वज मानला जातो. डी ब्राउन स्वतः अंतःप्रज्ञावादी नव्हते. सिद्धता यंत्राला तपासता यावी एवढाच त्यांचा आग्रह होता.

सिद्धता तपासणाऱ्या लीन या प्रणालीत एक आज्ञा आहे, जी दिली की एखाद्या प्रमेयाच्या सिद्धतेत कोणकोणती गृहीतके वापरली गेली त्यांची यादी समोर येते. त्या यादीत निवडीचे गृहीतक (कितीही समूह असले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो, हे) दिसले की समजावे, वर्जित मध्याचा नियम कुठे तरी वापरला गेला असण्याचा संभव आहे. ज्या सिद्धतेत ते नसते तिच्यातून उत्तर काढून देणारा प्रोग्रॅम बाहेर काढण्याची वाट मोकळी राहते. अनुबंध यांनी 'दाखवून देणे' म्हटले आहे, त्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे.

कृष्णाकाठ

गणिताविषयी सर्व मान्य, पण या लेखातून ब्राउवर यांचे जे चित्र उभे राहते ते एकांगी आहे. १९०५ च्या ज्या पुस्तिकेचा उल्लेख केवळ नावापुरता केला आहे, तिच्यात स्त्रियांविषयी अत्यंत तुच्छतेचे लिखाण आहे. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन सत्तेने १९४३ मध्ये डच विद्यार्थ्यांकडून निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या मागितल्या तेव्हा सही करावी असा सल्ला ब्राउवर यांनी दिला, आणि त्याबद्दल देश मुक्त झाल्यानंतर त्यांना काही महिने निलंबित करण्यात आले. कार्ल मेंगर यांच्याशी मितीच्या सिद्धान्तावरून, हिल्बर्ट यांच्याशी संपादक मंडळावरून, पुढे फ्रॉइडेन्थाल यांच्याशी नियतकालिकावरून, अशी त्यांची भांडणे आयुष्यभर चालली. थोर गणिती म्हणून त्यांना मान द्यावा. परंतु त्यांचे सारे आयुष्य एका तात्त्विक प्रश्नाच्या अंगाने वाचावे असे म्हटले की या गोष्टी आपोआप झाकल्या जातात.

अनुबंध

कृष्णाकाठ, तुमचे म्हणणे रास्त आहे. पुस्तिकेतल्या त्या लिखाणाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि ज्या घराचा आर्थिक भार एका कर्तबगार स्त्रीने उचललेला होता त्या घरात बसून ते लिहिले गेले, हे मला अधिक खटकते. युद्धकाळातल्या सल्ल्यामागे, विद्यार्थ्यांचे शिक्षण थांबू नये आणि त्यांना सक्तीच्या मजुरीला नेले जाऊ नये, असा त्यांचा विचार होता. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी सही नाकारली आणि भूमिगत झाले त्यांच्या धैर्यापुढे तो सल्ला खुजा ठरतो, यात मला शंका नाही. हान्स फ्रॉइडेन्थाल १९३० मध्ये त्यांचे साहाय्यक म्हणून अ‍ॅमस्टरडॅमला आले होते; ज्यू असल्यामुळे जर्मन ताब्याच्या काळात त्यांची नोकरी गेली, आणि युद्धानंतर ते उत्रेख्तला प्राध्यापक झाले. शालेय गणिताच्या शिक्षणाविषयीचे त्यांचे काम आज जगभर वाचले जाते.

हिल्बर्ट यांच्याशी संपादक मंडळावरून झालेल्या १९२८ च्या प्रकरणाविषयी मात्र मला वेगळे वाटते, आणि तो भाग सविस्तर सांगायला हवा. १९०९ च्या उन्हाळ्यात हिल्बर्ट स्खेवेनिंगनला आले होते आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून त्यांच्याबरोबर हिंडताना झालेल्या गप्पांनी तरुण ब्राउवर भारावून गेले होते. पुढे गॉटिंगेनने त्यांना आसन देऊ केले आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले. म्हणजे सुरुवात वैराची नव्हती. 'माथेमाटिशे अनालेन' या नियतकालिकाच्या संपादकवर्गात ब्राउवर १९१५ च्या सुमारास आले आणि हाती आलेले लेख ते फार बारकाईने, पुष्कळदा फार सावकाश, तपासत असत. १९२८ मध्ये बोलोन्या इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला जर्मन गणितज्ञांनी जाऊ नये असा ब्राउवर यांचा आग्रह होता, कारण पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांवर घातलेला बहिष्कार खऱ्या अर्थाने उठलेला नाही असे त्यांचे मत होते. हिल्बर्ट स्वतः जर्मन मंडळींना घेऊन परिषदेला गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी ब्राउवर यांना मंडळातून काढल्याचे कळवले. हिल्बर्ट तेव्हा गंभीर आजारी होते आणि आपल्या पश्चात नियतकालिक ब्राउवर यांच्या हाती जाईल अशी त्यांना धास्ती होती. संपादकांपैकी काराथेओडोरी ब्राउवर यांची समजूत घालायला स्वतः लारेनला गेले. प्रमुख संपादकांपैकी एक असलेल्या आइन्स्टाइन यांनी या सगळ्याला बेडूक आणि उंदरांचे युद्ध म्हटले आणि कोणाचीही बाजू घेतली नाही. अखेर संपूर्ण मंडळच विसर्जित करून नवे लहान मंडळ नेमण्यात आले आणि ब्राउवर यांचे नाव अशा रीतीने गळले.

यात ब्राउवर यांचा हट्ट होताच. पण मतभेद असलेल्या सहकाऱ्याला दूर करण्यासाठी अख्खे मंडळ मोडावे लागते, तेव्हा ते मतभेद गणिताच्या पायाविषयीचे आहेत हे विसरून चालत नाही. यानंतर त्यांनी १९३४ मध्ये 'काँपोझिसिओ माथेमाटिका' हे स्वतःचे नियतकालिक काढले. युद्धानंतर त्याचीही सूत्रे त्यांच्या हाती उरली नाहीत, आणि तुम्ही म्हटलेले फ्रॉइडेन्थाल यांच्याशी झालेले भांडण ते हेच. अंतःप्रज्ञावादावर त्यांनी पुढे बरीच वर्षे फारच थोडे लिहिले, ही यातली खरी हानी आहे.

एन्डहोवनकर

मी काही वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतो. आधुनिक बीजगणिताला आज आपण ओळखतो ते रूप देणारे व्हान डेर वार्डन हे अ‍ॅमस्टरडॅमला ब्राउवर यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांनी सांगितलेली एक आठवण इथे नोंदवतो. ब्राउवर यांचे सर्वांत मोठे काम टोपॉलॉजीतले, पण त्यावर त्यांनी कधी शिकवले नाही. व्याख्याने असत ती अंतःप्रज्ञावादाच्या पायाविषयी. ते व्याख्यानापुरते अ‍ॅमस्टरडॅमला येत आणि लारेनला परतत. एकदा व्हान डेर वार्डन यांनी व्याख्यान चालू असताना मध्येच प्रश्न विचारला. पुढच्या व्याख्यानाआधी ब्राउवर यांच्या साहाय्यकाने येऊन त्यांना सांगितले की प्राध्यापकांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

दुसरी बाजूही आहे. १९२४ च्या उन्हाळ्यात अलेक्सांद्रोव आणि उरिसोन हे दोन तरुण रशियन गणिती त्यांना भेटायला आले होते, आणि ब्राउवर यांचा त्यांच्यावर मोठा जीव जडला. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर पोहताना उरिसोन बुडून वारले. ते अवघे २६ वर्षांचे होते. त्यांचे अप्रकाशित लिखाण नीट लावून छापून आणण्यासाठी ब्राउवर यांनी अलेक्सांद्रोव यांच्यासह खूप कष्ट घेतले. ज्या माणसाला वर्गातला प्रश्न सहन होत नव्हता त्यानेच दुसऱ्याच्या अपुऱ्या हस्तलिखितांवर हे श्रम केले, म्हणून केवळ भांडखोर अशी त्यांची नोंद करणे मला पटत नाही.

वाङ्मयी

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून एक विचारते. ब्राउवर यांच्या लिखाणात भगवद्गीतेचा उल्लेख आहे असे वाचले होते. ते कितपत खरे आहे, आणि त्यांच्या विचारावर भारतीय दर्शनांचा प्रभाव होता असे म्हणता येईल का?

अनुबंध

उल्लेख खरा आहे. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या तत्त्वज्ञान परिषदेत त्यांनी जाणीव, तत्त्वज्ञान आणि गणित या विषयावर निबंध वाचला, आणि त्यात गीतेतली वचने उद्धृत केली आहेत. जाणीव आपल्या मूळ शांत अवस्थेतून बाहेर पडून आधी संवेदनांकडे, मग कार्यकारणाच्या जगाकडे आणि इच्छापूर्तीच्या खटाटोपाकडे कशी जाते, याचे त्या निबंधात वर्णन आहे. त्या संदर्भात फळाची आसक्ती न धरण्याविषयीचा विचार त्यांना जवळचा वाटला यात नवल नाही. पण १९०५ च्या पुस्तिकेत त्यांचे आधार माइस्टर एकहार्ट आणि याकोब ब्योमे हे जर्मन गूढवादी आहेत, आणि संख्या काळाच्या अनुभवातून उपजते हा विचार कांटच्या वाटेवरचा आहे. या घडणीत गीतेचा वाटा होता असे म्हणायला पुरावा लागेल. समविचार आढळला म्हणून त्यांनी तो उद्धृत केला, एवढेच मी म्हणेन.

त्यांच्या काळात या विचाराचा पडसाद अनपेक्षित ठिकाणी उमटला, हे मात्र निश्चित सांगता येते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी व्हिएन्नात व्याख्याने दिली. श्रोत्यांत तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन होते, आणि त्या व्याख्यानाने त्यांची तत्त्वज्ञानाची ओढ पुन्हा जागी झाली असे त्यांच्याबरोबर असलेल्यांनी नोंदवले आहे. पुढे तर्कशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले तरुण गोडेलही तेव्हा व्हिएन्नातच होते.

मृण्मयी

एक शेवटचा प्रश्न. सपाट फलनाचे उदाहरण वर्गात मांडून पाहिले; मुलांना ते चांगले समजले, आणि एकाने विचारले, 'मग या सरांनी स्वतःचे प्रमेय सोडूनच दिले का?' त्याला काय सांगावे?

अनुबंध

सोडून दिले नाही, दुरुस्त केले, असे सांगावे. १९५२ मध्ये, निवृत्तीनंतरच्या वर्षी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गोलावरच्या स्थिरबिंदू प्रमेयाची अंतःप्रज्ञावादी दुरुस्ती प्रसिद्ध केली. जागचा अजिबात न हलणारा बिंदू आहे, हा दावा तिथे नाही. तुम्ही कितीही लहान अंतर सांगा, त्याहून कमी हलणारा बिंदू प्रत्यक्ष काढून देता येतो, असा तिचा आशय आहे. तुमच्या विद्यार्थ्याला सपाट फलनावरच हे दाखवता येईल : 'अ' चे चिन्ह माहीत नसले तरी, 'अ' चे पुरेसे दशांश काढले की दोहोंपैकी एक गोष्ट हाती लागते. एक तर तो सांगितलेल्या अंतरापेक्षा लहान आहे असे दिसते, आणि मग सपाट भागातला कोणताही बिंदू चालतो. नाही तर तो शून्यापासून स्पष्टपणे दूर आहे असे दिसते, आणि मग कोणत्या बाजूला शोधायचे ते कळते. वर्जित मध्याच्या नियमाची गरजच पडत नाही.

अधिक मितींसाठी १९२८ मधले एमानुएल श्पेर्नर यांचे त्रिकोणांच्या रंगांकनाचे प्रमेय वापरता येते. अंतरालाऐवजी त्रिकोण घ्यायचा, त्याचे लहान लहान त्रिकोण करायचे, प्रत्येक शिरोबिंदू फलनाने कोणत्या दिशेला ढकलला जातो त्यावरून त्याला तीनपैकी एक रंग द्यायचा. तिन्ही रंग असलेला छोटा त्रिकोण सापडतोच, आणि त्यातले बिंदू फारसे हललेले नसतात. रंग ठरवताना दिशेचा निर्णय अंदाजे मूल्यांवर घेतला तरी भागते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६७ मध्ये याच धर्तीवर स्थिरबिंदू जवळून काढण्याची गणनरीत दिली आणि बाजारातल्या समतोलाच्या किमती काढण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. ब्राउवर तेव्हा नुकतेच गेले होते. २ डिसेंबर १९६६ रोजी ब्लारिकुममध्ये घरासमोरचा रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. श्पेर्नर यांची रीत द्विमितीत कागदावर करून दाखवता येते, आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना ती एका तासात समजेल. हवे असल्यास आकृती आणि रंग देण्याचा नियम वेगळ्या धाग्यात मांडतो.